कोरडी जीभ, ओली विजार

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं आहे. कुणाच्या लग्नात बिर्याणीची हंडी करपली, कुणाचा जावई रुसून रंकाळ्याच्या कट्ट्यावर जाऊन बसला, अब्बांनी एका वरातीत चालता चालता डुलकी काढून सूर कसा सोडला नाही, हे सगळं मीच सांगतो. दर वेळी थोडं वाढवून सांगतो. लोक हसतात आणि मलाही बरं वाटतं.

एकच गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. हृदयाचा आजार झालेला माणूस छातीवर हात ठेवून चारचौघांत सांगतो. मूळव्याधवालासुद्धा आवाज खाली घेऊन का होईना, सांगतो. माझा आजार सांगताना हात कुठं ठेवायचा, इथूनच अडचण सुरू होत होती.

मला लघवी धरून ठेवता येत नव्हती. झालं, लिहिलं. ही एवढी ओळ लिहायला मला काही वर्षं लागली.

ज्याला हाच त्रास आहे, तो आत्ता आजूबाजूला कुणी बघत नाही ना, हे तपासून घेईल. घ्या तपासून. मी थांबतो. तुमच्याइतकी थांबायची कदर कुणाला असणार.

*

आमचा बँड कोल्हापूरच्या शनिवार पेठेतला. थोरला भाऊ बँडचा मालक, त्याला घरात आणि दारात सगळे भाईच म्हणतात. तो ट्रंपेट वाजवतो. अब्बा गेल्यावर त्यांची क्लॅरिनेट माझ्याकडं आली. साईड ड्रमवर गणपा. तो शेजारच्या गल्लीतला, माझ्याच वयाचा. तोंड असं की आमच्या भाईलाही शिव्या घालायचा, आणि भाई ऐकून घ्यायचा. घरात आम्ही अर्धी दख्खनी, अर्धी कोल्हापुरी बोलतो. इथं सगळं मराठीतच लिहितोय.

मला आणि माझ्या बायकोला, जैतूनला, मूलबाळ नाही. पण भाईची लेक शमीम रांगायला लागल्यापासून आमच्याच खोलीत असायची. माझ्या सगळ्या गोष्टींचा पहिला प्रयोग तिच्यावर व्हायचा. ती हसली तर गोष्ट बाहेर न्यायची, नाही हसली तर तिथंच मोडून टाकायची.

आमच्या घरची एक रीत आहे. घरच्या लग्नात बाहेरचा बँड येत नाही. मुलगी निघाली की घरचेच पुरुष दारात ओळीनं उभे राहतात आणि अब्बांनी बसवलेली निरोपाची धून वाजते. ती क्लॅरिनेटवरच बसते. शेवटी एक लांब सूर आहे. मुलगी गाडीत बसल्यावर तो धरायचा आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत सोडायचा नाही. माझ्या दोन्ही बहिणींसाठी अब्बांनी धरला होता. शमीम शाळेत असताना एकदा रियाज ऐकत बसली होती. मधेच म्हणाली, "चाचा, माझ्या वेळी रडत वाजवायचं न्हाय हं. सूर हलतोय मग."

"न्हाय रडत," मी म्हणालो.

ऐंशी सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. शमीमचं जयसिंगपूरला जमलं. मुलाचं शिलाईचं दुकान, माणसं साधी. रमजान ईद झाली की लग्न, असं ठरलं. आणि त्याच लग्नसराईत माझ्या मूत्राशयानं स्वतंत्र कारभार सुरू केला.

*

आधी वाटलं, चहा जास्त होतोय. चहा सोडला. मग वाटलं, पाणी जास्त होतंय. पाणी सोडलं. बँडवाला उन्हात चालतो, फुंकतो, घामाघूम होतो, आणि मी घशाला कोरड पडली तरी तांब्या पुढं ढकलायचो. यानं उलट आग वाढली, हे नंतर कळलं. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी निदान ही चूक करू नये.

त्रास असा की कळ यायला आणि वेळ संपायला एकच गाठ पडायची. मधे विचाराला जागा नाही. कोल्हापुरातल्या बोळांचा माझ्याइतका अभ्यास त्या काळात कुणाचा नसेल. मिरवणूक कुठल्या रस्त्यानं जाणार हे मी आदल्या दिवशी विचारून घ्यायचो. लोकांना वाटायचं, मास्तर कामाला किती चोख.

मग एका दुपारी महाद्वार रोडवर ते झालं. नवरदेव घोड्यावर, पुढं नाचणारी माणसं, आणि आमचा गणवेश म्हणजे लाल कोट, सोनेरी फीत आणि पांढरी विजार. पांढरी विजार कुणी ठरवली त्या माणसाला मी त्या दिवशी मनातल्या मनात फार शोधलं. सूर सुटला नाही. बाकीचं सुटलं.

मी वाजवत राहिलो, कारण थांबलो असतो तर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं असतं. गणपानं एकदा खाली बघितलं. शेजारी एक माणूस पाहुण्यांना सरबत देत होता. गणपानं त्याच्या हातातली किटली घेतली, पिण्यासाठी तोंडाजवळ नेली आणि सगळीच्या सगळी माझ्या अंगावर उपडी केली.

"आंधळा हायस काय रं?" तोच माझ्यावर ओरडला. "मधी कडमडाय काय झालं? झाली का सगळी विजार खराब?"

लोक हसले. कुणीतरी मला बाजूला नेऊन पंचा दिला. अंगाला वेलदोड्याचा वास आणि डोळ्यांत पाणी. दोन्हींचं कारण लोकांनी सरबतावर घातलं. गणपानं त्यावर मला कधी एक शब्द विचारला नाही. त्याला रोज शिव्या देणारा माणूस म्हणून ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

*

जैतूनला विजारीवरून कळलं. ती धुताना सरबताखाली दुसरा वास लपत नाही. संध्याकाळी तिनं भाकरी वाढली आणि माझ्यासमोर बसली. एरवी ती चुलीपाशी बसते.

"किती दिवस झालं?"

"काय किती दिवस?"

"मला गोष्टी सांगू नका. त्या शमीमला सांगा."

मी सांगितलं. ती ऐकत होती आणि भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत होती. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही उठून बाहेर जाताय ते दुसऱ्या कुठल्या बाईसाठी. बरं झालं." आणि मग रडली.

शेजारच्या डॉक्टरांनी साखर तपासली, साखर नव्हती. त्यांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं भरती व्हावं लागेल म्हटल्यावर गल्लीत काय सांगायचं हा प्रश्न आला. तो जैतूननं सोडवला. तिनं मुतखडा जाहीर केला. मुतखडा हा इज्जतदार आजार आहे. त्यात माणूस ओरडतो, सहन करतो, आणि खडा पडला की लोक बघायला येतात.

याचा परिणाम असा झाला की घराघरातून हुलग्याचं पाणी यायला लागलं. हुलग्यानं खडा पडतो आणि लघवी धो धो होते, हे आमच्याकडं लेकरालाही माहीत. आता माझा धो धो आधीच चाललेला. पण शमीम स्वतः डबा घेऊन यायची, समोर उभी राहायची, "सगळं संपवायचं चाचा," म्हणायची. मी सगळं संपवायचो आणि मग ती खोलीबाहेर कधी जाते याची वाट बघायचो.

*

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर कुरुंदवाडचे एक आण्णा होते. मळेवाले, सत्तरीचे, मिशा अजून काळ्या. त्यांचा आजार माझ्या बरोबर उलटा. पिशवी भरून यायची, पण ती आवळायचीच नाही. नळी घालून काढावी लागायची.

"तुमचं थांबंना, माझं निघंना," आण्णा म्हणाले. "देवानं वाटणी करताना डुलकी काढली म्हणायची."

"आपण दोघं मिळून एक धड माणूस होतोय आण्णा."

"व्हय की. पण बायको कुणाची ठेवायची ते आधी ठरवा."

दवाखान्यात हसायला मिळतं यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नाही. पण सकाळी भांडी घासल्याचा आवाज, मग फिनेलचा वास, मग डॉक्टर आणि त्यांच्यामागं शिकाऊ पोरांची रांग, आणि ती रांग तुमच्या चादरीशी थांबते. चादर बाजूला होते. डॉक्टर इंग्रजीत बोलतात आणि सगळे तिकडंच बघतात. त्यानंतर शेजारचा माणूस जर म्हणाला, "आमच्या बैलबाजारात पण असंच बघत्यात," तर माणूस हसणार नाही तर काय करणार.

माझी तपासणी झाली ती आठवण अजून अंगावर येते. नळीतून पिशवीत हळूहळू पाणी सोडतात आणि बाजूला काचेच्या उभ्या नळीत ते किती चढतं ते बघतात. डॉक्टर तरुण होते, शांत बोलायचे. म्हणाले, "कळ आली की सांगा, पण दाबून धरा." थोडंच पाणी गेलं असेल, काचेतलं पाणी एकदम उसळलं. मी काही केलं नव्हतं. मी छताकडं बघत अल्लाचं नाव घेत होतो. माझ्याच पोटात कुणीतरी दुसरं राहतं आणि ते माझं ऐकत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं.

"तुमचा दोष नाही," डॉक्टर म्हणाले. ही तीन शब्दांची गोळी मला सगळ्यात आधी लागू पडली.

मग त्यांनी समजावलं. मूत्राशय म्हणजे नुसती पिशवी नाही, तो स्नायू आहे. मज्जातंतूच्या टोकाशी एक रस सुटतो. स्नायूवर बारीक बारीक कुलुपं असतात. रसाची किल्ली त्या कुलपात बसली की स्नायू आवळतो. "तुमची कुलुपं हुकूम नसताना उघडतायत. ही गोळी किल्लीच्या आधी जाऊन कुलपात बसेल. उघडणार नाही, नुसती जागा अडवेल."

"आणि किल्ली?"

"बाहेर उभी राहील."

हे मला पटलं. आमच्या पेठेत भाडेकरू असेच राहतात.

शेजारी आण्णांना नेमकं उलटं औषध होतं. त्यांची बंद कुलुपं उघडणारं. ते घेतलं की आण्णांना घाम सुटायचा आणि तोंडातून लाळ वाहायची. मिशा भिजायच्या. मळ्यावर सगळ्यांना धाकात ठेवलेला माणूस हातात पंचा घेऊन लहान लेकरासारखा तोंड पुसत बसायचा, आणि माझ्याकडं पाठ करायचा. मीही मग भिंतीकडं तोंड करायचो. एकमेकांची एवढी लाज आम्ही राखली.

माझ्या गोळीनं दोन दिवसांत कळ थांबली. वॉर्डाच्या खिडकीशी जाऊन मी बराच वेळ नुसता उभा राहिलो. कुठं पळायचं नव्हतं.

आण्णांना मात्र ताप चढला. थंडी वाजून खाट हलायची. लघवीतला पू वर किडनीपर्यंत गेला, असं परिचारिका म्हणाली. त्यांनी मला एकदा हाक मारली, "बँडवाले, काहीतरी गुणगुणा की." मी गुणगुणलो तर जीभ टाळूला चिकटली. पाणी प्यालो, पुन्हा चिकटली. आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला तेव्हा त्यांची गादी गुंडाळून ठेवलेली होती आणि खाटेच्या पट्ट्या दिसत होत्या.  चहा तसाच ठेवला.

*

घरी आल्यावर पहिल्या जुम्म्याला मी मशिदीत पूर्ण खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, बसून ऐकला. कित्येक महिन्यांनी. दाराजवळची जागा न धरता पुढं बसलो. घरी येऊन जैतूनला म्हणालो, "झालो मी बरा." शमीमला सांगितलं, खडा पडला. तिनं साखर वाटली.

मग क्लॅरिनेट काढली.

तिच्या तोंडाला बोरूची पातळ पत्ती असते, आम्ही तिला रीड म्हणतो. ती ओली असेल तरच बोलते, आणि तिला ओली ठेवते ती वाजवणाऱ्याची जीभ. मी ओठात धरली, फुंकलो, आणि शेजारच्या कोंबड्या बिथरतील असा आवाज निघाला. पाणी पिऊन पुन्हा फुंकलो. दोन सूर आले, तिसऱ्याला ओठ रीडला चिकटला. जीभ जोड्याच्या तळव्यासारखी. पुढच्या कागदावरची अक्षरंही पुसट दिसत होती.

भाई दारात उभा होता. "बाळंतपण झाल्यागत अशक्त झालायस," तो म्हणाला. "येईल दम." त्यालाही मुतखडाच माहीत होता. थोरल्या भावाला मी हे सांगू शकलो नव्हतो. का, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. अब्बांची क्लॅरिनेट त्यानं स्वतः न ठेवता मला दिली होती.

गणपाला मात्र अर्धं माहीत होतं, उरलेलं मी सांगितलं. तो विचार करत राहिला. मग म्हणाला, "चिंच."

वरातीत आम्हाला छळायचा जुना उद्योग आहे. वाजवणाऱ्यांच्या समोर कुणीतरी चिंच चोखत उभं राहायचं. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं, फुंक घसरते, सूर फाटतो. आयुष्यभर आम्ही चिंचवाल्यांना हाकलत आलो. गणपा म्हणाला, "तुला पाणीच पायजे न्हवं? मग मी हाय की."

गंगावेशीतल्या एका वरातीत त्यानं ते केलं. माझ्यासमोर तोंड करून उलटा चालत, एका हातानं ड्रम सांभाळत, दुसऱ्या हातानं ओली, मीठ-मिरची लावलेली चिंच चोखत. चोखताना असा आवाज काढायचा की घोडीनंसुद्धा मान वळवली. ड्रम हातानं वाजतो, त्याला काय फरक पडणार.

माझं तोंड जसं होतं तसंच राहिलं. वाळूत चिंच दाखवल्यासारखं. पण माझ्या डाव्या-उजव्या हाताला भाईची ट्रंपेट होती, दोन कॉर्नेट होत्या, एक मोठं पितळी वाद्य होतं, आणि त्या सगळ्यांची तोंडं ठणठणीत होती. आधी कॉर्नेट बुडबुडली. मग दुसरी. मग भाईच्या ट्रंपेटमधून गुळणी केल्यासारखा आवाज आला. सगळा बँड ओठ पुसत उभा राहिला, आणि त्या सगळ्यांत चिंचेचा परिणाम न झालेला मी एकटा. कोरड्या रीडवर कावळ्यासारखा ओरडत होतो.

लोक पोट धरून हसले. मीही हसलो असतो. पण भाई हसला नव्हता. घरी येऊन त्यानं ट्रंपेट पुसली, पेटीत ठेवली आणि गणपाला म्हणाला, "माझ्या भावाची थट्टा करायची नव्हती. तो आजारी हाय." गणपानं मान खाली घातली आणि शिवी दिली नाही. मला तेव्हा सांगावं लागलं. तिथंच, पेटीवर बसून, गणपाच्या समोर.

भाईनं सगळं ऐकलं. बराच वेळ पेटीची कडी लावत आणि काढत राहिला. मग म्हणाला, "शमीमच्या येळंला काय?"

*

मी परत डॉक्टरांकडं गेलो. चिंचेची हकीकत ऐकून ते आधी हसले, मग गंभीर झाले.

"चिंच बघून तुमचा मेंदू हुकूम देतोच," ते म्हणाले. "पण लाळेच्या ग्रंथीवरही तीच कुलुपं आहेत. तिथंही आमची गोळी बसलीय. डोळ्यातही. म्हणून अक्षर पुसट."

"मग फक्त खालच्या कुलपात बसेल अशी गोळी द्या की."

"तेच तर हवंय सगळ्यांना." त्यांनी कागदावर दोन-तीन गोल काढले. "आता असं दिसायला लागलंय की ही कुलुपं एकाच जातीची नाहीत. किल्ली एकच लागते, पण आतली घडण वेगळी. दोन पोटजाती असतील, कदाचित जास्त. मूत्राशयात कुठल्या आहेत, आवळायचा हुकूम त्यातली कुठली पाळते, लाळेची कुठली, हे नीट कळलं तर एकीत बसणारी आणि दुसरीला न शिवणारी गोळी करता येईल. शोध चालू आहे."

"ईदपर्यंत?"

त्यांनी पेन ठेवलं. "नाही. ईदपर्यंत नाही. बरीच वर्षं लागतील."

मी तो कागद मागून घेतला नाही. गोल माझ्या लक्षात राहिले. पुढं कुणाच्या तरी घरात लग्न असेल, कुणाला तरी ती गोळी मिळेल, तो वाजवेल. मला त्याचा राग येत नव्हता. पण आनंदही झाला असं म्हणायला मी काही संत नाही.

अर्धी गोळी करून बघितली. अर्धी जीभ कोरडी आणि अर्धी विजार ओली, असा समतोल निघाला. मग गोळी बंद करून बघितली. दोन दिवसांनी तोंडाला ओल आली, आणि रीड अशी बोलली की स्वयंपाकघरातून जैतून बाहेर आली. मी निरोपाची धून सुरू केली. शेवटच्या लांब सुराला दम भरला, पोट आवळलं, आणि तो सूर धरायला जे आवळावं लागतं तेच माझं वैरी होतं. जैतूननं बघितलं. ती आत गेली, विजार घेऊन आली, माझ्या शेजारी ठेवली आणि म्हणाली, "सूर छान होता."

थोड्या वेळानं म्हणाली, "पोरगी दारातून निघताना लोकांनी तिच्याकडं बघायला पायजे. तुमच्याकडं न्हाय."

मी गोळी परत सुरू केली.

*

क्लॅरिनेटसाठी भाईनं सांगलीचा एक पोक्त वाजवणारा बोलावला. धून त्याला मी शिकवली. वाजवून दाखवता येत नव्हती, म्हणून घोट घोट पाणी पीत सरगम म्हणून दाखवली. माणूस भला होता. अब्बांच्या क्लॅरिनेटला हात लावण्याआधी त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. त्याला ती एक जागा काही केल्या जमेना, जिथं अब्बा सूर किंचित मागं ओढायचे. मी पाचसहा वेळा सांगितली. मग म्हणालो, "असू दे. तुमच्या पद्धतीनं घ्या."

भाईचं म्हणणं होतं, मी लग्नात आत बसावं, पाहुण्यांशी बोलावं. मी म्हणालो, "ओळीत उभा राहणार. झांज दे. झांजेला थुंकी लागत न्हाय."

निकाह झाला, जेवणं झाली. दुपार कलली तेव्हा शमीम निघाली. आम्ही दारात ओळीनं उभे होतो. बायकांत कुजबूज चालली होती, ती मला ऐकू येत होती. खडा तर पडला की. मग हा वाजवत का नाही? भावाभावांत बिनसलं वाटतं. कुणी म्हणालं, मुलगा पसंत नसेल त्याला. मी ऐकून घेतलं. बिनसलंय म्हणणं परवडलं.

निरोपाच्या धुनेत झांजेला काम नसतं. दोन्ही थाळ्या वाजू नयेत म्हणून मी त्या छातीशी धरून उभा होतो. क्लॅरिनेट सुरू झाली. माणसानं वाईट वाजवलं नाही. ती जागा आली आणि सरळ निघून गेली. माझ्याशिवाय आणि भाईशिवाय कुणाला कळलं नसेल असं मला वाटलं होतं, पण शमीमनं बुरख्याआडून मान वर केली.

ती गाडीत बसण्याआधी माझ्यासमोर थांबली. हळूच म्हणाली, "चाचा, रागावलायसा काय माझ्यावर?"

मी न्हाय म्हणायला तोंड उघडलं. भीतीपोटी सकाळपासून पाणी प्यालो नव्हतो, जीभ टाळूला घट्ट बसली होती. आवाज निघाला नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तर दोन्ही हातांत झांजा. कुणीतरी तिला पुढं घेतलं. गाडीचं दार लागलं. मागून तो लांब सूर सुरू झाला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तो चालूच होता, कारण मी सांगलीवाल्याला तसंच शिकवलं होतं.

*

आमच्यात लग्नानंतर पहिल्या शुक्रवारी लेक-जावई जेवायला येतात. शमीम आली, सगळ्यांना भेटली, माझ्याशी नीट बोलली. नीट म्हणजे पाहुण्याशी बोलतात तसं. जेवणं झाल्यावर ती आमच्या खोलीत वेण्या घालायला बसली तेव्हा जैतून बाहेर गेली आणि जाताना दार ओढून घेतलं.

मी सगळं सांगितलं. गोष्ट सांगतो तशीच सांगितली, दुसरं येतच नाही. हुलग्याचं पाणी आलं, गणपाची चिंच आली, भाईची ट्रंपेट बुडबुडली. मी सवयीनं जिथं थांबायचं तिथं थांबलो. ती कुठंच हसली नाही. वेणी अर्धी राहिली होती.

"हे तुम्ही मला आधी का न्हाय सांगितलं?"

"पोरीला कसं सांगायचं हे?"

तिनं अर्ध्या वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मी सासरी सांगून बसले की. चाचा रुसलेत म्हणून वाजवलं न्हाय, असं. सासूबाई रोज विचारत्यात, त्यांचा राग गेला काय म्हणून. आता काय सांगू?"

"खरं सांग."

"सांगू?"

"सांग."

तिनं वेणी पूर्ण केली, पदर घेतला, दारापर्यंत गेली आणि परत आली. माझ्या पायांशी बसून तिनं डोकं माझ्या गुडघ्यावर टेकवलं. या वेळी माझे हात मोकळे होते.

एवढ्या वर्षांत जयसिंगपुरात ही हकीकत पोचली असणारच, आणि तिथून बाजारातल्या गाड्यांबरोबर ती कुठं कुठं गेली असेल सांगता येत नाही. कुणीतरी वाढवून सांगायच्या आधी आपणच सांगावी, म्हणून लिहायला बसलो. यात मी काही वाढवलेलं नाही. पहिल्यांदाच.